तिजा ते बरसी: वाशीम जिल्ह्यातील मुस्लिम शोकरीती आणि समुपदेशन

शोकग्रस्त माणसाला शब्दांनी, सहवासाने आणि वेळापत्रकाने आधार देण्याच्या ज्या कामाला आज शोक-समुपदेशन म्हटले जाते, ते काम व्यवसाय म्हणून गेल्या शतकात उभे राहिले. परंतु मृत्यू जितका जुना, तितकेच हे कामही जुने असल्यामुळे प्रत्येक समाजाने त्यासाठी माणसे नेमली, दिवस ठरवले आणि बोलावयाची व न बोलावयाची वाक्ये निश्चित केली. वाशीम जिल्ह्यातील मुस्लिम समाजाची अशी व्यवस्था वऱ्हाडाच्या साडेपाचशे-सहाशे वर्षांच्या इतिहासात घडत गेली असून, या समाजातील एखादी विधवा किंवा मुलगा गमावलेला बाप आज समुपदेशकाच्या खोलीत येतो, तेव्हा तो ही संपूर्ण व्यवस्था, तिच्यातील आधार आणि तिच्यातील तडे यांसह, बरोबर घेऊनच येतो. ही व्यवस्था ठाऊक नसलेल्या समुपदेशकाला शोकाच्या जागी आजार आणि आजाराच्या जागी शोक दिसण्याचा धोका असतो, म्हणून तिचा इतिहास हा उपचाराच्या पूर्वतयारीचा भाग मानावा लागतो.

वाशीम हा स्वतंत्र जिल्हा म्हणून १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. तथापि हे वेगळेपण सर्वस्वी नवे नव्हते, कारण निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केल्यानंतर 'बासीम' या नावाचा एक जिल्हा १९०५ पर्यंत अस्तित्वात होता आणि त्या वर्षीच्या फेररचनेत तो मोडला गेला. इंग्रजी अमलापूर्वीचा काळ बहामनी सत्तेचा, १४९० पासून अचलपूरच्या इमादशाहीचा, १५७४ पासून अहमदनगरच्या निजामशाहीचा, १५९६ पासून मोगलांचा आणि १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर हैदराबादच्या निजामाचा. राज्ये बदलली तरी खेड्यांतील आणि कसब्यांतील मुस्लिम वस्तीचे स्वरूप फारसे दरबारी नव्हते. कापूस पिंजणारे पिंजारी, बांगड्या भरणारे मण्यार, बागवान, अत्तार, तांबोळी, विणकर मोमीन, खाटीक, शिपाईगिरी सोडून शेतीत उतरलेली घराणी, अशी ती कारागिरांची, दुकानदारांची आणि शेतकऱ्यांची वस्ती होती. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६० असून तिच्यात मुस्लिमांचे प्रमाण सुमारे बारा टक्के आहे. घरात दखनीच्या वळणाची उर्दू-हिंदुस्थानी आणि बाजारात वऱ्हाडी मराठी असा या समाजाचा दुहेरी भाषाव्यवहार आहे. दुःखाची भाषाही त्यामुळे दुहेरी झाली, हे पुढे स्पष्ट होईल.

मृत्यूच्या प्रसंगी लागणारी माणसे या वस्तीत नेमलेली असत. कसब्यात काझी असे. खेड्यात मुलाणी असे, जो बलुत्याच्या व्यवस्थेत इतर गावकामगारांबरोबर धान्याचा वाटेकरी होता, हिंदू शेतकऱ्यांसाठी बकरे हलाल करीत असे आणि मुस्लिम घरांतील निकाह व मयत या दोन्ही प्रसंगी उभा राहत असे. कबरस्तानाच्या कडेला 'तकिया' असे. तकिया म्हणजे फकिराचे मुक्कामाचे ठिकाण, आणि तेथील फकीर कबरींची देखभाल करीत असे. कबर खोदणारा तो गोरकन. मृतदेहाला शेवटचे स्नान घालणारा तो गस्साल, आणि स्त्रीच्या मृतदेहासाठी याच कामात मुरलेली वस्तीतील एखादी वयस्क स्त्री. यांपैकी कोणालाही दुःखाचा उपचारक म्हटले गेले नाही. परंतु मृत्यूच्या घरात शिरताच काय करावयाचे हे ज्याला नेमके ठाऊक आहे असा माणूस शोकग्रस्तांना किती मोठा आधार वाटतो, हे अशा घरात गेलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

मृत्यूची वार्ता कानी पडताच मुस्लिम माणसाच्या तोंडी जे अरबी वाक्य येते, त्याचा आशय असा की माणूस ईश्वराचाच आहे आणि त्याला ईश्वराकडेच परतावयाचे आहे. त्यानंतर मशिदीतून ऐलान, म्हणजे जाहीर सूचना होते, आणि वस्तीत एकच प्रश्न फिरतो: 'मिट्टी कब है?' दफनाला 'मिट्टी' म्हणण्याची ही रीत वऱ्हाडातील बोलीत पक्की रुजलेली असून 'मिट्टीला जाणे' हे हिंदू शेजाऱ्यांच्या तोंडीही सहज येते. देहाला गुसल, म्हणजे धार्मिक स्नान घातले जाते. हनफी पंथाच्या रीतीने पुरुषाला तीन आणि स्त्रीला पाच वस्त्रांचे कफन दिले जाते. नमाज-ए-जनाजा ही उभ्यानेच, रुकू (कमरेतून वाकणे) आणि सजदा (जमिनीला माथा टेकणे) यांशिवाय अदा होणारी प्रार्थना होते. आणि खांदे बदलत जनाजा कबरस्तानात नेला जातो. कबर दोन प्रकारची असते: तळाशी एका बाजूला कोनाडा कोरलेली लहद आणि मधोमध खोल चर असलेली संदुकी. वऱ्हाडाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात ढासळते, त्यामुळे अशा जमिनीत लहद टिकत नाही आणि फळ्या किंवा फरशी टाकून झाकलेली संदुकी कबरच सोयीची ठरते. जमलेला प्रत्येक पुरुष तीन मुठी माती घालतो. शरीराने केलेली ही कृती, हाताला लागलेली ही माती, मृत्यू खरोखरच घडला आहे याची साक्ष मनाला देते, आणि शोकाच्या मानसशास्त्राने पुढे ज्याला वियोगाच्या वास्तवाचा स्वीकार असे नाव दिले त्याची पहिली पायरी येथेच घडते. मात्र ही पायरी पुरुषांच्याच वाट्याला येते, कारण रूढीप्रमाणे स्त्रिया कबरस्तानात जात नाहीत.

दफनानंतरचे वेळापत्रक हा या व्यवस्थेचा गाभा आहे. शरियतच्या म्हणजे धर्मकायद्याच्या मूळ नियमाने सामान्य शोक तीन दिवसांचा असून पतीच्या निधनानंतर पत्नीसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत, म्हणजे प्रतीक्षेची मुदत, सांगितली आहे. परंतु दख्खनमध्ये या मुदतींच्या भोवती आणखी दिवसांची एक साखळी तयार झाली. दख्खनचे रहिवासी जाफर शरीफ यांनी येथील मुस्लिमांच्या चालीरीतींचे जे वर्णन लिहिले आणि हर्क्लॉट्स या वैद्याने ज्याचा अनुवाद 'कानून-ए-इस्लाम' या नावाने १८३२ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला, त्यात मृत्यूनंतरचे हे विधी तपशिलाने नोंदवलेले आहेत. तिसरा दिवस 'तिजा' किंवा 'जियारत', ज्या दिवशी कुराणाचे पठण आणि कबरीवर फुले. नंतर दसवा, बिसवा आणि चालिसवा किंवा चेहलुम. आणि वर्ष पुरे होताच बरसी. प्रत्येक दिवशी फातिहा, म्हणजे कुराणाच्या पहिल्या अध्यायाचे पठण करून त्याचे पुण्य मृताला अर्पण करणे आणि नंतर जेवण देणे, असा क्रम असतो. पुण्य पोचवण्याच्या या कल्पनेला 'इसाल-ए-सवाब' म्हणतात.

या साखळीकडे शोकाच्या दृष्टीने पाहिले असता तिची रचना किती विचारपूर्वक झाली आहे हे जाणवते. पहिल्या तीन दिवसांत घरात चूल पेटवली जात नाही आणि नातेवाईक व शेजारी जेवण पाठवतात. या प्रथेचे मूळ इ. स. ६२९ च्या मुता येथील लढाईनंतरच्या प्रसंगाशी जोडले जाते, जेव्हा जाफर इब्न अबी तालिब यांच्या मृत्यूची बातमी आल्यावर त्यांच्या कुटुंबीयांसाठी अन्न शिजवण्यास पैगंबरांनी सांगितले होते. त्यानंतर दहाव्या आणि विसाव्या दिवशी घर पुन्हा माणसांनी भरते, म्हणजे सांत्वन एकाच दिवशी उरकून टाकण्याची मुभा समाजाला राहत नाही. आणि चाळिसाव्या दिवशी घराला उघडपणे सांगितले जाते की आता रोजच्या व्यवहाराकडे वळावे. मराठी वाचकाला यात दहाव्या-तेराव्याच्या आणि वर्षश्राद्धाच्या रचनेशी साम्य दिसेल. ते साम्य कोणी कोणाकडून घेतले हा वाद येथे गौण असून शेजारी राहणाऱ्या दोन समाजांनी शोकाला सारख्याच पायऱ्या बांधल्या आणि एकमेकांच्या पायऱ्यांवर ते बसत आले, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

तथापि या दिवसांविषयी मुस्लिम समाजात एकमत नाही, आणि समुपदेशकाने ध्यानात ठेवण्याची ही कदाचित सर्वांत नाजूक बाब असेल. देवबंद येथील मदरसा १८६६ मध्ये स्थापन झाल्यापासून आणि पुढे अहले-हदीस व तबलिगी जमातीचा प्रसार वाढल्यापासून तिजा, चालिसवा आणि बरसी यांना 'बिदअत', म्हणजे धर्मात मागाहून घुसलेली नवी गोष्ट, मानणारा प्रवाह बळकट होत गेला. उलट अहमद रझा खान (१८५६ ते १९२१) यांच्या विचारांतून उभ्या राहिलेल्या बरेलवी परंपरेने फातिहा, उर्स आणि इसाल-ए-सवाब यांचे समर्थन केले. याचा परिणाम असा की एकाच घरात आई चालिसव्याचे जेवण घालण्याचा आग्रह धरते आणि शहरात शिकलेला मुलगा त्याला विरोध करतो, आणि मृत्यूचे दुःख या वादात गुंतून अधिक कडवट होते. 'तुमच्यात चाळिसावा असतो ना?' असा प्रश्न समुपदेशकाने सहानुभूतीने विचारला तरी एका घरात तो आपुलकीचा ठरेल आणि दुसऱ्या घरात अज्ञानाचा. 'तुमच्या घरी काय करतात, आणि तुम्हांला स्वतःला काय करावेसे वाटते?' हा प्रश्न त्यापेक्षा सुरक्षित आणि अधिक सत्यशोधक आहे. कोकणातील शाफई मुस्लिम आणि वऱ्हाडातील हनफी मुस्लिम यांच्या रीतीही सर्वत्र सारख्या नाहीत, हेही याच संदर्भात सांगावयास हवे.

रडण्याविषयीचा गैरसमज तर अधिकच खोल आहे. 'सब्र करो' हे वाक्य मयतीच्या घरात इतक्या वेळा उच्चारले जाते की अश्रू म्हणजे श्रद्धेची उणीव असा समज कित्येक शोकग्रस्तांच्या मनात घट्ट बसतो, आणि त्या अपराधभावनेपायी ते रडणे गिळतात. वस्तुतः इस्लामी परंपरेने मनाई केली ती 'नियाहा'ला, म्हणजे छाती बडवून, कपडे फाडून, दैवाला दोष देत केलेल्या आक्रोशाला. अश्रूंना तिने मनाई केलेली नाही. पैगंबरांचा इब्राहीम हा मुलगा बालपणीच वारला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले होते, आणि पत्नी खदीजा व चुलते अबू तालिब यांच्या मृत्यूंमुळे इ. स. ६१९ च्या सुमाराचे ते संपूर्ण वर्ष इतिहासात 'दुःखाचे वर्ष' म्हणून ओळखले जाते. कुराणातील याकूबांची कथा याहून बोलकी आहे: यूसुफ या मुलाच्या विरहात रडून रडून त्यांची दृष्टी गेली, आणि तरीही त्याच कथेत त्यांच्या सब्राला सुंदर म्हटले आहे. सब्र म्हणजे दुःख न होणे नव्हे. दुःख होत असताना ईश्वराशी नाते न तोडणे. हा अर्थ मानसोपचारकाने धर्मगुरूच्या अधिकाराने सांगू नये, परंतु शोकग्रस्त व्यक्तीने स्वतः मानलेल्या इमामाकडून तो तिच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था अवश्य करावी, कारण अपराधभाव ज्या भाषेत जन्मला त्याच भाषेत तो सुटतो.

सार्वजनिक शोकाची एक वेगळी परंपराही या प्रदेशात होती. हिजरी ६१ मध्ये, म्हणजे इ. स. ६८० मध्ये, करबला येथे इमाम हुसेन यांना आलेल्या हौतात्म्याचे स्मरण मोहरमच्या दहा दिवसांत होते, आणि सुन्नी बहुसंख्या असलेल्या वऱ्हाडातही खेडोपाडी ताबूत, डोले आणि सवाऱ्या बसत. नवस बोलणारे, पंज्यापुढे ऊद जाळणारे आणि डोल्याला खांदा देणारे यांत हिंदू शेतकरी मोठ्या संख्येने असत. शतकानुशतके जुन्या मृत्यूसाठी साऱ्या गावाने एकत्र शोक करावा, ही या परंपरेची देणगी होती. आणि स्वतःच्या घरातील अलीकडचे दुःख त्या जुन्या दुःखाच्या आडून रडून घेण्याची मोकळीक अनेकांना त्यातून मिळत असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दोन्ही समाजांतील सुधारकांच्या आणि संघटकांच्या दबावाखाली हा सहभाग आक्रसत गेला. ती हानी केवळ करमणुकीची नव्हती.

या व्यवस्थेतील सर्वांत मोठा तडा स्त्रियांच्या बाबतीत आहे. पतीच्या निधनानंतर पत्नीने चार महिने दहा दिवस, आणि गरोदर असल्यास प्रसूतीपर्यंत, इद्दत पाळावयाची असते. या काळात पुनर्विवाह नाही, साजशृंगार नाही आणि आवश्यक कारणाशिवाय घराबाहेर पडणे नाही. इद्दतीचे मूळ प्रयोजन वंशाचा निश्चय आणि शोकाला मिळालेला अवकाश हे होते, आणि ती पुरी झाल्यावर विधवेचा पुनर्विवाह धर्माने मोकळा ठेवला आहे. ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील हिंदू उच्चवर्णीय विधवेच्या स्थितीशी ताडून पाहिली तर तिचे मोल कळते. परंतु दख्खनच्या रीतीने शेजारच्या समाजाचे वैधव्यही काही अंशी उचलले: बांगड्या फोडणे, गळ्यातील काळ्या मण्यांचा लच्छा उतरवणे, शुभकार्यात मागे राहणे. यांपैकी कशालाही धर्मग्रंथाचा आधार नाही, आणि तरीही मुदतीची इद्दत संपल्यावर बेमुदत वैधव्य सुरू होते ते यांच्यामुळेच.

समुपदेशनाच्या दृष्टीने इद्दतीतील विधवा हा अत्यंत विचारपूर्वक हाताळण्याचा विषय आहे. ती दवाखान्यात आली नाही, म्हणजे तिने उपचार नाकारला असे नव्हे; वैद्यकीय गरजेसाठी बाहेर पडण्यास धर्ममत परवानगी देते, परंतु मनाचे दुखणे ही वैद्यकीय गरज आहे हे सासरच्या माणसांना पटवावे लागते. तिच्याकडे स्त्री-समुपदेशक घरी जाणे किंवा दूरध्वनीवर बोलणे हे मार्ग उपलब्ध असतात. तिचे एकान्तात असणे हे नैराश्याचे लक्षण मानू नये, आणि उलट इद्दतीच्या नावाखाली तिचे न जेवणे, न झोपणे, मरणाच्या इच्छेचे बोलणे झाकले जात असेल तर तेही नजरेतून सुटू देऊ नये. मातेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जोडावी लागते: जिने मुलाचा देह घराच्या दारातून जाताना शेवटचा पाहिला आणि कबर कधी पाहिलीच नाही, तिच्या मनात तो मृत्यू अर्धवट घडलेला राहतो. शबे-बारातच्या रात्री घरातील पुरुष कबरस्तानात जाऊन कबरी स्वच्छ करतात, सब्जा आणि फुले वाहतात. त्या रात्री कबरीचे छायाचित्र आईला आणून दाखवणे, किंवा तिच्या हातची फुले पाठवणे, अशा साध्या गोष्टींनाही उपचारात जागा मिळावयास हवी.

जेथे कबरस्तानाने स्त्रियांना दूर ठेवले, तेथे दर्ग्याने त्यांना जवळ केले. मंगरूळ या गावाच्या नावाला 'पीर' हे उपपद ज्यांच्यामुळे जोडले गेले, त्या हजरत दादा हयात कलंदर यांचा दर्गा जिल्ह्यातील सर्वांत प्रसिद्ध धर्मस्थळांपैकी एक असून तेथे हिंदू आणि मुस्लिम दोघेही जातात. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील सैलानी येथे होळीच्या दिवशी नारळांची होळी पेटते आणि मनाच्या व्याधींनी पछाडलेले लोक वऱ्हाड, मराठवाडा आणि खानदेशातून तेथे आणले जातात. मृत्यूनंतरच्या दुःखाला जेव्हा घरातील माणसे 'ऊपरी असर' किंवा मराठीत 'बाहेरचे' म्हणतात, तेव्हा शोकग्रस्त स्त्रीला दर्ग्यावर रडण्याची, घुमण्याची, ओरडण्याची ती परवानगी मिळते जी घरात मिळत नाही. या परवानगीचे मूल्य नाकारता येत नाही. परंतु तिच्या आडून झालेले अत्याचारही विसरता येत नाहीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी निवासात आग लागून साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले, आणि श्रद्धास्थळ व उपचार यांच्यातील पोकळीत काय घडू शकते हे देशाला कळले. यावरचा शहाणपणाचा मार्ग गुजरातेत दिसला: उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून 'दवा आणि दुआ' हा उपक्रम सुरू झाला, ज्यात दर्ग्याच्या मुजावरांना, म्हणजे सेवेकऱ्यांना, मनोविकारांची लक्षणे ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले आणि दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले. दुआ सोडावयास न लावता दवा दिली गेली. वऱ्हाडातील दर्ग्यांना हा मार्ग परका वाटण्याचे काही कारण नाही.

दुःखाचा धर्माबाहेरून, वैद्यकाच्या अंगाने विचार करणे ही पश्चिमेचीच मिरास आहे, असा समज मुस्लिम घरांत आणि मानसशास्त्राच्या वर्गांत सारखाच आढळतो, आणि तो दोन्हीकडे चुकीचा आहे. नवव्या शतकात अल-किंदी यांनी दुःख दूर करण्याच्या उपायांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. त्यांच्या शिष्यपरंपरेतील अबू झैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) यांनी शरीर आणि मन यांच्या स्वास्थ्यावरील ग्रंथात दुःखाचे दोन प्रकार केले, एक ज्याचे कारण माणसाला ठाऊक असते आणि दुसरे ज्याचे कारण सापडत नाही, आणि पहिल्यावर विचारांचा व संभाषणाचा, दुसऱ्यावर शरीराच्याही उपचाराचा मार्ग सुचवला. फ्रॉइड यांचा शोक आणि विषाद यांच्यातील भेदावरील निबंध १९१७ चा आहे. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मालिक बद्री यांनी १९७९ मध्ये मुस्लिम मानसशास्त्रज्ञांच्या पेचावर पुस्तक लिहून पाश्चात्त्य सिद्धान्त न पारखता उचलण्यावर टीका केली, तेव्हा त्यांच्यामागे ही जुनी परंपरा उभी होती. शोकग्रस्ताने मृताशी नाते तोडून पुढे जावे, ही विसाव्या शतकातील प्रबळ समजूतही १९९६ च्या सुमारास 'टिकून राहणाऱ्या नात्यां'च्या संकल्पनेने मागे सारली. मृताच्या नावाने फातिहा देणाऱ्या, त्याच्या पुण्यासाठी पाणपोई घालणाऱ्या आणि तो स्वप्नात हसताना दिसला म्हणून समाधान पावणाऱ्या वऱ्हाडी माणसाला ही संकल्पना समजावून सांगावी लागत नाही.

व्यवस्था कितीही पक्की असली तरी काही मृत्यू तिला पेलत नाहीत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील मृत्युप्रमाण देशातील सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. घरामागून घरे आजारी असताना गुसल कोणी घालावयाचा आणि खांदा कोणी द्यावयाचा, हा प्रश्न सर्वच समाजांपुढे उभा राहिला. शंभर वर्षांनी कोविडच्या साथीत तोच प्रश्न पुन्हा आला. मार्च २०२० मधील केंद्र सरकारच्या सूचनांनी मृतदेहाला स्पर्श न करता करावयाच्या विधींनाच परवानगी दिली, म्हणजे गुसल आणि शेवटचा स्पर्श दोन्ही गेले. मुंबईत सर्व धर्मीयांच्या मृतदेहांचे दहन करावे असा आदेश निघून त्याच दिवशी मागे घ्यावा लागला, आणि मे २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सन्मानाने दफन होण्याचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग मानून दफनभूमी खुली ठेवली. तो निकाल मुंबईपुरता असला तरी त्याचा दिलासा राज्यभर पोचला. परंतु गुसलाविना दफन झालेल्या बापाचे 'पाक' जाणे झाले की नाही, ही शंका ज्याच्या मनात राहिली, त्याला न्यायालय उत्तर देऊ शकत नाही; साथीत मेलेल्याला परंपरेने हुतात्म्याचा दर्जा दिला आहे हे सांगणारा आलिम, म्हणजे धर्मपंडितच, ते देऊ शकतो.

दुसरा न पेलणारा मृत्यू आत्महत्येचा. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजने विदर्भातील जे सहा जिल्हे शेतकरी आत्महत्यांसाठी निवडले, त्यांत वाशीम होता, आणि २०१५ मध्ये राज्य शासनाने १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्पाद्वारे शेतकऱ्यांसाठी जी समुपदेशन सेवा सुरू केली, तिच्यातही विदर्भाचे हे आत्महत्याग्रस्त जिल्हे होते. कापूस आणि सोयाबीन यांच्या भावांचे आणि सावकाराचे ओझे धर्म पाहून पडत नाही. परंतु इस्लाममध्ये आत्महत्या निषिद्ध असल्यामुळे मुस्लिम घरातील असा मृत्यू दुहेरी मुका होतो: कारण लपवले जाते, आणि म्हणून सांत्वनही लपतछपत केले जाते. प्रचलित हनफी मतानुसार अशा व्यक्तीची नमाज-ए-जनाजा अदा होते, आणि ही माहिती वेळेवर मिळाली तर कुटुंबावरील एक मोठे दडपण उतरते. शवविच्छेदनाचा प्रश्न तितकाच कठीण आहे, कारण दफन लवकर व्हावे ही धार्मिक अपेक्षा आणि देहाला चिरू नये ही भावना या दोन्ही येथे दुखावल्या जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने सूर्यास्तानंतर शवविच्छेदनास परवानगी दिली, पण संशयास्पद मृत्यू आणि आत्महत्या यांना सामान्यतः त्या सवलतीबाहेर ठेवले, म्हणजे ज्या घराला घाई सर्वाधिक त्याच घराला रात्रभर थांबावे लागते. शवागाराबाहेरच्या त्या रात्री कुटुंबाशी शांतपणे बोलणारा, प्रक्रिया समजावून सांगणारा एखादा माणूस असणे, हे नंतरच्या दहा बैठकांपेक्षा अधिक उपयोगी ठरू शकते.

आधुनिक रोगवर्गीकरणानेही आता संस्कृतीची दखल घेतली आहे. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाचा विकार हे निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात आणि २०२२ च्या सुधारित अमेरिकन वर्गीकरणात आले; पहिल्यात किमान सहा महिन्यांची आणि दुसऱ्यात प्रौढांसाठी बारा महिन्यांची मुदत घातली असून, त्या व्यक्तीच्या संस्कृतीत आणि धर्मात अपेक्षित असलेल्या शोकापेक्षा तो स्पष्टपणे अधिक असावा अशी अट दोहोंत आहे. या अटीचा अर्थ वाशीममध्ये अगदी ठोस आहे: इद्दतीचे चार महिने दहा दिवस आणि बरसीपर्यंतचे वर्ष ज्याला माहीत नाही, त्याला ही अट तपासताच येणार नाही. त्याला 'जी घबराता है', 'दिल बैठ जाता है', 'सीने पर बोझ है' ही वाक्ये केवळ हृदयाच्या तक्रारी वाटतील आणि रुग्ण तपासणीच्या कागदांचे गठ्ठे घेऊन परत जाईल.

माणसांचा प्रश्न त्याहून मोठा आहे. काझी-मुलाण्यांची वतने गेली, तकियांचे फकीर पोटासाठी इतर धंद्यांकडे वळले, एकत्र कुटुंबे विखुरली आणि तरुण पुणे-मुंबईकडे निघून गेले, त्यामुळे चाळीस दिवस घर भरलेले ठेवणारी माणसे कमी झाली. आणि २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत समाविष्ट झालेल्या या जिल्ह्यात त्यांची जागा घेण्याइतके प्रशिक्षित समुपदेशक उभे राहिलेले नाहीत. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' या कार्यक्रमाने गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन नैराश्याची सेवा दारापर्यंत नेता येते हे दाखवून दिले आहे, आणि ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' ही शासकीय दूरध्वनी सेवा मराठीतही चोवीस तास उपलब्ध आहे. या दोन्ही धाग्यांना वस्तीतील जुन्या माणसांशी जोडणे शक्य आहे. जिल्ह्यातील समुपदेशकांच्या आणि आशा कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणात एक दिवस मयतीला गुसल घालणाऱ्या स्त्रीसाठी, कबरस्तानाच्या रखवालदारासाठी आणि मशिदीच्या इमामासाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी बोलण्याचे काम त्यांनी व ऐकण्याचे काम समुपदेशकांनी करावे.